बोर्नव्हिल पायी पाहायचं तर

बोर्नव्हिल म्हणजे इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात, कॅडबरी चॉकलेटच्या कारखान्याशेजारी वसवलेली बागांची वसाहत. बर्मिंगहॅमच्या न्यू स्ट्रीट स्टेशनवरून रेडिच किंवा ब्रॉम्सग्रोव्हकडे जाणारी, मधल्या स्टेशनांवर थांबणारी लोकल धरा. लांब पल्ल्याच्या गाड्या इथे थांबत नाहीत. सेली ओकच्या पुढचंच स्टेशन बोर्नव्हिल. सेली मॅनर पाहायचंय म्हणून बरेच जण सेली ओकलाच उतरतात आणि फसतात. ते जुनं लाकडी सांगाड्याचं घर मूळ जागेवरून सुटं करून बोर्नव्हिलमध्ये पुन्हा उभारलंय.

स्टेशनवरून कॅडबरीच्या कारखान्याला वळसा घालून हिरवळीवर या. कारखाना इथे १८७९ मध्ये आला, वसाहतीची घरं १८९५ पासून. प्लॉटच्या जेमतेम चौथ्या हिश्श्यावर घर, बाकी बाग, हा वसाहत वसवणाऱ्या जॉर्ज कॅडबरींचा दंडक. मागच्या अंगणात फळझाडं लावूनच ताबा मिळे. घरं आजही राहती आहेत, फोटो फुटपाथवरूनच काढा.

शक्यतो शनिवारी जा: शाळेच्या मनोऱ्यातला ४८ घंटांचा कॅरिलॉन, म्हणजे सुरांत लावलेल्या घंटांचं वाद्य, दुपारी वाजतो. कॅडबरी वर्ल्ड या चॉकलेटच्या प्रदर्शनाचं तिकीट मात्र आधीच काढा, सुट्ट्यांत आयत्या वेळी मिळेलच असं नाही. जुन्या वसाहतीत पब शोधू नका. कॅडबरी क्वेकर या ख्रिस्ती पंथाचे, दारूला कडक विरोध. तहान लागलीच तर शेजारच्या स्टर्चलीत सोय आहे.