आत बसलेलं पोटॅशियम, बाहेर चिकटलेलं पोटॅशियम

मास स्पेक्ट्रोमीटरवर, म्हणजे रेणूंचं वस्तुमान मोजणाऱ्या यंत्रावर, दुमडलेल्या डीएनएचं काम सुरू करताय? मग यंत्राच्या आधी मीठ समजून घ्या.

ग्वानीन (डीएनएच्या चार बेसपैकी एक, थोडक्यात जी) भरपूर असलेली डीएनएची साखळी स्वतःवरच दुमडते. चार-चार ग्वानीन एका पातळीत येऊन चौकट करतात आणि दोन चौकटींच्या मधोमध पोटॅशियमचा आयन बसतो. हेच जी-क्वाड्रुप्लेक्स. दोन चौकटींना एक आयन, तीन चौकटींना दोन. म्हणजे आयन मोजता आले की चौकटी कळल्या! मला या कामाची ओढ लागली ती यामुळेच.

सुरुवात थ्रॉम्बिन ॲप्टॅमरपासून करा, म्हणजे थ्रॉम्बिन या रक्त गोठवणाऱ्या प्रथिनाला चिकटणाऱ्या छोट्या डीएनए साखळीपासून. पंधराच बेस, दोन चौकटी, आत जागा एकाच पोटॅशियमला. वस्तुमान सुमारे ४७२६ डाल्टन (रेणूंच्या वस्तुमानाचं एकक). यंत्र वस्तुमान भागिले भार दाखवतं, त्यामुळे चार ऋण भारांचं नुसतं डीएनए ११८०.५ ला दिसतं आणि पोटॅशियम बसलं की शिखर ११९०.० वर सरकतं. माझ्या पहिल्या स्पेक्ट्रममध्ये यातलं काहीच ओळखू येईना. साडेपाच-साडेपाचच्या अंतरानं कंगव्याच्या दातांसारखी रांग लागली होती. एका हायड्रोजनच्या जागी सोडियम आलं की वस्तुमान २२ नं वाढतं; २२ ला ४ नं भागलं तेव्हा उलगडलं: सोडियम! पाणी काचेच्या बाटलीत ठेवलं होतं, त्यातून ते उतरलं होतं. आता पाणी, बफर सगळं प्लॅस्टिकमध्येच ठेवते आणि नवं डीएनए अमोनियम ॲसिटेटनं फिल्टरवर पुन्हा पुन्हा धुऊन घेते.

मोजताना मात्र अमोनियम नको, कारण ते स्वतःच चौकटींमध्ये जाऊन बसतं. याच विषयातल्या संशोधक व्हॅलेरी गाबेलिका यांच्या गटानं २०१४ मध्ये मांडलेली पद्धत मी वापरते: १०० मिलिमोलर ट्रायमिथाइलअमोनियम ॲसिटेट, त्यात १ मिलिमोलर पोटॅशियम क्लोराइड. ट्रायमिथाइलअमोनियम आत मावत नाही.

तरीही ११९९.५ ला छोटं शिखर आलं. दोन पोटॅशियम? जागा तर एकच. मग तेवढेच जी आणि तेवढेच टी (थायमीन, दुसरा बेस), पण क्रम असा की दुमडताच येऊ नये, अशी साखळी त्याच मिठात मोजली. तिलाही पोटॅशियम चिकटलेलं होतं. नमुना यंत्रात फवारला जातो; त्या स्प्रेचा थेंब सुकताना आयन बाहेरून चिकटतात. तेवढा वाटा वजा करावाच लागतो. ही तुलना केल्याशिवाय कुठलाही आकडा वहीत पक्का लिहू नका.

साखळीच्या धाग्यांची दिशा वस्तुमानातून कळत नाही. त्यासाठी त्याच नळीतला थोडा नमुना सीडीला (सर्क्युलर डायक्रोइझम, म्हणजे डाव्या-उजव्या वर्तुळध्रुवित प्रकाशाच्या शोषणातला फरक मोजणारं तंत्र) लावा. या ॲप्टॅमरचं धन शिखर २९५ नॅनोमीटरजवळ यायला हवं.