घडीचं टेबल डुगडुगतंय? या चुका टाळा

साइटवर घडीचं टेबल मांडलं की चारातला एक पाय अधांतरी राहतोच. मग कुणीतरी पुठ्ठ्याची घडी करून खाली सारतो. इथेच पहिली चूक होते. कटर मशीन तासभर चाललं की पुठ्ठा दबतो, आणि पाणी सांडलं तर त्याचा लगदाच.

त्याआधी टेबल जागच्या जागी हळूहळू फिरवून बघा. चौरस टेबल असेल आणि जमीन नुसती उंचसखल असेल, मध्येच पायरी किंवा फरशीचा काठ नसेल, तर पाव फेरीच्या आत चारही पाय टेकण्याची जागा बहुधा सापडते. टेबल तिरकं राहील कदाचित. डुगडुग थांबणं वेगळं, लेव्हल वेगळी. ती नंतर बघू.

लेव्हलसाठी गोटा लावू नका, तो निसटतो. एकच पाचरही नको, कारण पाय तिच्या उतारावर उभा राहतो आणि हादऱ्याने सरकतो. सारख्या उताराच्या दोन पाचरी समोरासमोरून, उताराला उतार लावून एकावर एक ठेवा आणि दोन्हीकडून हातोडीने हलके ठोका. उंची वाढते, वरची बाजू सपाटच राहते.

काळ्या मातीत पाचरीही आत जातात. 25 मिमी पाइपाच्या पायाचं बूड जेमतेम 5 चौरस सेंटिमीटर. खाली 10 बाय 10 सेंटिमीटरचा जाड प्लायचा तुकडा टाकला की तोच भार 100 चौरस सेंटिमीटरवर पसरतो, दाब विसावा हिस्सा. पण तुकडे चारही पायांखाली हवेत. मी एकदा रुतलेल्या दोनच पायांखाली टाकले. दुपारपर्यंत टेबल दुसऱ्या अंगाला कललं आणि पॉलिशचा डबा मालकांच्या तुळशीपाशी जाऊन पडला. पुढचं विचारू नका.

उतारावर रंधा मारताना जोर चढाकडे जाऊ द्या. तिपाई असेल तर एक पाय चढाला, दोन उताराला. तिपाई कधी डुगडुगत नाही, मात्र दोन पायांमधल्या काठावर रेललात तर सरळ उलटते.

एवढं करूनही हलतंय? मग टेबल सिमेंटच्या सपाट कोब्यावर नेऊन बघा. तिथेही हललं तर जमिनीचा दोष नाही: बहुधा पायांचं लॉक नीट बसलेलं नाही किंवा बिजागरीचा रिव्हेट ढिला झालाय.