डेबियन टाकण्याआधी: नेटवर्क कार्ड सापडावं म्हणून करायची तयारी

पेनड्राइव्ह, मॉनिटर, कीबोर्ड, बॅकअप हे सगळं तुम्ही करालच, त्यावर वेळ घालवत नाही. सर्व्हरवर डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) टाकताना जे हमखास राहतं ते आधी सांगतो: डिस्क पुसण्यापूर्वी नेटवर्क कार्डाचा पीसीआय आयडी (चिप नेमकी कोणती ते सांगणारा क्रमांक) लिहून घ्या. गेल्या खेपेला माझ्याकडून नेमकं हेच राहिलं होतं, म्हणून ही यादी.

जुनं लिनक्स चालू असतानाच 'एलएसपीसीआय -एनएनके' ही कमांड द्या. इथरनेट कंट्रोलरची ओळ शोधा. तिच्यात चिपचं नाव येतं, उदाहरणार्थ 'ब्रॉडकॉम नेटएक्स्ट्रीम टू बीसीएम५७०९', आणि पुढे चौकोनी कंसात [१४ई४:१६३९]. हीच जोडी म्हणजे आयडी. मधल्या दोन टिंबांच्या अलीकडचा भाग कंपनीचा (८०८६ इंटेल, १४ई४ ब्रॉडकॉम, १०ईसी रिअलटेक, १५बी३ मेलानॉक्स), पलीकडचा चिपचा. खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' समोर ड्रायव्हरचं नाव असतं, इथे बीएनएक्स२. तेही लिहा.

खोक्यावरच्या नावावर किंवा स्टिकरवर विसंबू नका. ब्रॉडकॉमचं गिगाबिट कार्ड एवढ्यावरून काही ठरत नाही. आत ५७०९ चिप असेल तर बीएनएक्स२ ड्रायव्हर आणि त्याचं वेगळं फर्मवेअर (चिपमध्ये भरायचा छोटा प्रोग्राम) लागतं. ५७२० असेल, म्हणजे आयडी १४ई४:१६५एफ, तर टीजी३ ड्रायव्हर लागतो आणि तो फर्मवेअरशिवाय चालतो. बाहेरून बघून हा फरक कळायचा नाही. आयडीवरूनच कळतो.

आणि आयडी कागदावर लिहा. फाइलमध्ये साठवून ती त्याच सर्व्हरवर ठेवू नका, ती डिस्क तुम्ही थोड्या वेळात पुसणार आहात! कागदावर आयडीशेजारी प्रत्येक पोर्टचा मॅक पत्ता (पोर्टचा स्वतःचा कायमचा क्रमांक) आणि सध्याचं नाव घ्या. कोणतं नाव कोणत्या भोकाचं हे 'एथटूल -पी ईएनओ१ १०' दिलं की कळतं: त्या पोर्टचा दिवा दहा सेकंद लुकलुकतो. सर्व्हरच्या मागे एक माणूस उभा करा आणि पोर्टांवर चिकटपट्टी लावून घ्या. आत्ता लावा, इन्स्टॉलरच्या शेलमध्ये एथटूल मिळेल असं धरून चालू नका.

मशीनवर विंडोज असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या 'हार्डवेअर आयडीज'मध्ये 'व्हेन' आणि 'डेव्ह' यांच्यापुढे हेच आकडे सापडतील. काहीच नसेल तर लाइव्ह पेनड्राइव्हवरून (डिस्कवर न बसवता चालणाऱ्या लिनक्सवरून) बूट करून बघा. पण बघाच.

एलएसपीसीआयच्या यादीत कार्डच दिसत नसेल तर ड्रायव्हर आणि फर्मवेअरच्या मागे लागू नका, घोळ त्याच्या आधीचा आहे. बायोसमध्ये ऑनबोर्ड लॅन बंद आहे का ते बघा. कार्ड स्लॉटमध्ये पूर्ण बसलंय का ते बघा. दोन प्रोसेसरच्या बोर्डावर काही स्लॉट दुसऱ्या प्रोसेसरला जोडलेले असतात. तो सॉकेट रिकामा असेल तर ते स्लॉट मेलेलेच. बोर्डाच्या मॅन्युअलमधली स्लॉटची आकृती बघून कार्ड हलवा.

आता इमेज. डेबियन १२ पासून, म्हणजे जून २०२३ पासून, अधिकृत इन्स्टॉलरमध्येच नॉन-फ्री (मुक्त परवाना नसलेलं) फर्मवेअर येतं. ११ मध्ये येत नाही. काही कारणाने ११ च टाकायचं असेल तर फॅट फॉरमॅटच्या दुसऱ्या पेनड्राइव्हवर 'फर्मवेअर' नावाचा फोल्डर करून (नाव इंग्रजी लिपीत, सगळी लहान अक्षरं) त्यात त्या चिपचं पॅकेज आधीच टाकून ठेवा. नेटवर्क नसताना ते उतरवणार कुठून? आणि कोणतं पॅकेज, हे कागदावरचा आयडीच सांगणार.

कार्ड अगदी नवं असेल तर गोष्ट उलटी. तिथे कर्नलचं (ड्रायव्हर ज्यात येतात त्या लिनक्सच्या गाभ्याचं) वय बघा: ११ मध्ये ५.१०, १२ मध्ये ६.१, १३ मध्ये ६.१२. रिअलटेकची २.५ गिगाबिटची ८१२५ चिप ५.४ पासून कर्नलमध्ये आहे, त्यामुळे ती तिन्हींत चालते. पण चिपची ओळख ज्या कर्नलमध्ये आली त्याहून जुना कर्नल घेतलात, तर कितीही फर्मवेअर टाका, कार्ड उठणार नाही.

इंटेलच्या ८२५९९ चिपच्या दहा गिगाबिट कार्डांचं एक वेगळंच दुखणं आहे. आयएक्सजीबीई ड्रायव्हरला एसएफपी प्लस मॉड्यूल (केबलसाठी कार्डात खोचायचा तुकडा) अमान्य वाटलं तर तो लोडच होत नाही, आणि कार्ड नसल्यासारखं दिसतं. मॉड्यूल काढून बूट करून बघा. तेच मॉड्यूल वापरायचं असेल तर बूट ओळीत आयएक्सजीबीई, टिंब, 'अलाउ_अनसपोर्टेड_एसएफपी=१' द्या. ते तीन आडव्या रेघांच्या पुढे लिहा, म्हणजे बसवलेल्या सिस्टीमच्या ग्रबमध्येही (बूट करणाऱ्या प्रोग्रामच्या सेटिंगमध्येही) उतरतं.

इथरनेट कार्ड सापडलं नाही असं म्हणून इन्स्टॉलर ड्रायव्हरांची लांबलचक यादी पुढे ठेवतो. अंदाजाने एकेक निवडत बसू नका. ऑल्ट आणि एफ४ दाबा, लॉग वाचा. फर्मवेअरची फाइल मिळाली नसेल तर तिचं नाव तिथे असतं. कागद हाताशी असेल तर हे दोन मिनिटांचं काम. नसेल तर ऑल्ट-एफ२ च्या शेलमध्ये 'सिस'खालच्या पीसीआय फोल्डरांतून एकेक 'व्हेंडर' आणि 'डिव्हाइस' फाइल उघडत बसावं लागतं. त्यापेक्षा आधीच लिहा.

यूएसबीचं एक इथरनेट अडॅप्टर खिशात ठेवा. रिअलटेकच्या ८१५३ चिपचं चालतं. नेटइन्स्टऐवजी (बाकीचं नेटवर्कवरून उतरवणाऱ्या छोट्या इमेजऐवजी) पहिल्या डीव्हीडीची इमेज घ्या, ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर मावते, नेटवर्क नसलं तरी बसवणं पूर्ण होतं.

बसवून झाल्यावर: सोर्सेसमध्ये (पॅकेजं कुठून घ्यायची त्या यादीत) 'नॉन-फ्री-फर्मवेअर' आहे ना बघा, ११ वरून चढवलेल्या मशीनवर ते हाताने घालावं लागतं. पीसीआय कार्ड घातलं-काढलं की पोर्टचं नाव ईएनपी३एस० चं ईएनपी४एस० होऊ शकतं, म्हणून मॅक पत्त्यावरून नाव बांधणारी लिंक फाइल लिहा. एकदा रीबूट, एकदा वीज पूर्ण काढून चालू. दोन्ही वेळा सगळे पोर्ट आले की तो कागद, आयडीसकट, सर्व्हरच्या झाकणाला आतून चिकटवा.