चर्चमध्ये बेघरांना रात्रीचा निवारा देताय? परवानगीच्या या चुका टाळा

थंडी वाढली की अमेरिकेतल्या कुठल्या ना कुठल्या गावात हे घडतंच. चर्च आपलं बेसमेंट उघडतं, गाद्या घालतं, वीस-पंचवीस माणसं झोपायला येऊ लागतात. मग शेजारून तक्रार जाते, शहराची झोनिंगची, म्हणजे कुठल्या भागात कुठला जमीनवापर चालेल या नियमांची, नोटीस येते आणि त्यानंतर कुठे सगळे कायदा शोधायला बसतात.

कायदा आहे आणि तो भक्कम आहे. ‘रिलिजस लँड यूज अँड इन्स्टिट्यूशनलाइज्ड पर्सन्स अ‍ॅक्ट’, सन २०००. वकील त्याला ‘रलूपा’ म्हणतात. जमीनवापराच्या नियमामुळे धर्माचरणावर मोठा बोजा पडत असेल, तर त्यामागे अत्यंत महत्त्वाचं सार्वजनिक हित होतं आणि याहून सौम्य उपाय नव्हता, हे दोन्ही शहराला सिद्ध करावं लागतं. देऊळ, मशीद, गुरुद्वारा सगळ्यांना तो लागू आहे. पण हा कायदा खिशात आहे म्हणून अर्जाची गरज नाही, असं समजणाऱ्यांचं पुढे काय होतं ते वाचा.

अर्ज न करताच निवारा सुरू करणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. फ्लोरिडात वेस्टगेट टॅबरनॅकल या चर्चने बेघरांसाठी निवारा चालवला. पाम बीच काउंटीचं म्हणणं होतं की यासाठी कंडिशनल यूज परमिट, म्हणजे अटींसह वापराची खास परवानगी घ्या. चर्चने अर्ज केलाच नाही, थेट हक्कासाठी भांडलं. २००९ मध्ये अपील न्यायालयातही ते हरलं. नुसता अर्ज करायला लावणं हा मोठा बोजा नव्हे, असंच न्यायालयाने मानलं. कनेक्टिकटमध्ये न्यू मिलफर्डला घरातल्या प्रार्थनासभांवरून वाद झाला, तिथेही तेच. नोटिशीविरुद्ध स्थानिक झोनिंग बोर्डाकडे अपील न करता कुटुंब थेट फेडरल कोर्टात गेलं, आणि शहराचा अंतिम निर्णयच झालेला नसल्यामुळे २००५ मध्ये दावा अकाली ठरला.

माणसं थंडीत कुडकुडत असताना कागद कसले भरायचे, हा प्रश्न मनापासूनचा असतो, मान्य. पण बंदीचा आदेश आला की तीच माणसं ऐन जानेवारीत पुन्हा रस्त्यावर येतात. म्हणून ऑगस्टमध्येच नियोजन खात्याची भेट मागा. ‘हा चर्चचा पूरक वापर (मुख्य वापराला जोडूनच येणारा) धरता का?’ हा एकच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या. तोंडी होकाराला काडीची किंमत नाही. अर्जात खाटांची संख्या, कोणते महिने, किती ते किती वाजेपर्यंत, रात्री किती स्वयंसेवक, शौचालयं किती, कचरा आणि सिगारेटची जागा कुठे, हे सगळं आकड्यांत लिहा. नोटीस आली असेल तर अपिलाची मुदत त्याच दिवशी शोधा. अनेक ठिकाणी ती जेमतेम १० ते ३० दिवसांची असते.

आगीच्या नियमांना झोनिंग समजणं

ओहायोतल्या ब्रायन गावातल्या डॅड्स प्लेस चर्चचं प्रकरण नीट पाहा. दार चोवीस तास उघडं, रात्री लोक आत. तो व्यापारी विभाग. तळमजल्यावर राहायला मनाई. झोनिंगचे १८ आरोप लागले, देशभर गाजावाजा झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते आरोप मागे घेतले गेले. पण अग्निसुरक्षेचा मुद्दा उरलाच. जानेवारी २०२५ मध्ये त्याच मुद्द्यावर स्थानिक न्यायालयाने पास्टरना दोषी ठरवलं: २०० डॉलर दंड आणि ६० दिवसांची स्थगित कैद.

‘रलूपा’ झोनिंग आणि वारसावास्तूंच्या नियमांसाठी आहे. स्प्रिंकलर आणि बाहेर पडायच्या वाटांचे नियम सहसा त्याच्या कक्षेत येत नाहीत. प्रार्थनेची जागा ‘असेंब्ली’, म्हणजे लोक जमण्याच्या इमारतींच्या वर्गात मोडते. तिथे लोक झोपू लागले की वर्ग बदलतो आणि बहुतेक राज्यांनी स्वीकारलेल्या इंटरनॅशनल बिल्डिंग कोडनुसार निवासी वर्गाला स्प्रिंकलर लागतात. तात्पुरत्या सामायिक निवासात माणसं १० पर्यंत असतील तर तुलनेने सौम्य नियमांचा वर्ग आर-३, त्याहून जास्त असतील तर आर-१. त्यामुळे सुरुवात दहाच्या आत करावी, हे माझं ठाम मत. गाद्या कुठे पडणार ते दाखवणारा नकाशा काढून फायर मार्शलना (अग्निसुरक्षा तपासणाऱ्या अधिकाऱ्यांना) आधीच बोलवा. झोपायच्या खोलीत आणि बाहेरच्या बोळात स्मोक अलार्म, इमारत गरम ठेवणारी भट्टी गॅसची असेल तर कार्बन मोनॉक्साइडचाही. रात्रभर जागा राहणारा एक माणूस, ज्याला दुसरं काहीही काम नाही. तो ठरलेल्या वेळाने फेरी मारेल आणि वहीत वेळ लिहील. बाहेरचं दार आतून किल्लीशिवाय उघडलंच पाहिजे.

जेवणाचे निकाल झोपण्यासाठी दाखवणं

ओरेगनमधल्या ब्रुकिंग्जचं सेंट टिमोथीज चर्च मार्च २०२४ मध्ये जिंकलं, ते आठवड्यात दोनच दिवस जेवण द्या या अटीविरुद्ध. वॉशिंग्टन डीसीतल्या वेस्टर्न प्रेस्बिटेरियनचा १९९४ चा विजयही अन्नदानाचाच, आणि तो ‘रलूपा’वर नाही, १९९३ च्या जुन्या ‘रिलिजस फ्रीडम रिस्टोरेशन अ‍ॅक्ट’वर उभा आहे. तो कायदा राज्यांना आणि शहरांना लागू होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९७ मध्ये ठरवलं. डीसीत तो अजून चालतो, तुमच्या गावात नाही.

अटी ऐकूनच चिडणं

कॅलिफोर्नियातल्या सटर काउंटीत गुरु नानक शीख सोसायटीने गुरुद्वारासाठी दोन जागांवर अर्ज केले; दोन्ही फेटाळले गेले. सोसायटीने सुचवलेल्या सुधारणा मान्य केल्या होत्या, आणि २००६ मध्ये अपील न्यायालयाने तिच्या बाजूने निकाल देताना हे आवर्जून नोंदवलं. वाटाघाटीत मान्य केलेली प्रत्येक अट तारखेसह फाइलला लावा.

शेजाऱ्यांना सुनावणीतच पहिल्यांदा भेटणं

नका करू. आधी घरी जा, रात्री उचलला जाईल असा एक फोन नंबर द्या.