एमसी कार्ट्रिज: आवाज बारीक, घरघर मोठी – माझ्याकडे हे चाललं

बेळगावात शहापूरच्या घरी टर्नटेबलला डेनॉन डीएल-१०३ ही एमसी (मूव्हिंग कॉइल) कार्ट्रिज, म्हणजे सुई बसवलेला आणि तिच्या हालचालीचा सिग्नल करणारा भाग, लावली, तर व्हॉल्यूम पार शेवटाला नेल्याशिवाय गाणं ऐकूच येईना, आणि तिथं घरघर इतकी की कुमार गंधर्वांच्या रेकॉर्डमधला तानपुरा त्यात बुडून जायचा. जीव वैतागला. सुई साफ केली, केबल बदलली, फरक शून्य.

ही कार्ट्रिज ०.३ मिलिव्होल्ट देते. अ‍ॅम्प्लिफायरच्या एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) इनपुटला, म्हणजे नेहमीच्या फोनो इनपुटला, साधारण ३ ते ५ लागतात.

सगळं बंद करून टर्नटेबल आणि एमएम इनपुटच्या मध्ये १:१० चा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर, म्हणजे सिग्नलचं व्होल्टेज दहापट करणारा डबा, जोडा. ०.३ चे ३ होतात, आणि इनपुटचे ४७ किलोओहम कार्ट्रिजला ४७० ओहम दिसतात. तिच्या स्वतःच्या ४० ओहम रोधाला ते छान मानवतं. ट्रान्सफॉर्मरपासून अ‍ॅम्प्लिफायरपर्यंतची केबल आखूडच घ्या. टोनआर्मची (कार्ट्रिज धरणाऱ्या दांड्याची) अर्थची वायर ट्रान्सफॉर्मरच्या स्क्रूला, तिथून दुसरी वायर अ‍ॅम्प्लिफायरच्या फोनो इनपुटजवळच्या अर्थ स्क्रूला.

आता खरं काम. अ‍ॅम्प्लिफायर सुरू करा, सुई उचललेलीच ठेवा, व्हॉल्यूम हळूहळू वाढवा आणि ट्रान्सफॉर्मरचा डबा जागच्या जागी थोडा थोडा फिरवत ऐका. आजूबाजूच्या पॉवर ट्रान्सफॉर्मरचं चुंबकीय क्षेत्र हा डबा पकडतो. माझा डबा घरच्या इन्व्हर्टरशेजारी होता. हातभर लांब नेऊन पाव वळसा दिला तशी घरघर बसली. तिथंच दुहेरी टेपनं पक्का केला.