सिगारेट सोडताना: आधी विचार पकडा

पहिला आठवडा सिगारेट सोडायची नाही, फक्त लिहायचं. पाकिटाला रबरबँडने कागद गुंडाळा. प्रत्येक सिगारेट पेटवण्याआधी वेळ, जागा, सोबत कोण, मनःस्थिती आणि तलफ 0 ते 10 पैकी किती, एवढं टिपा. रात्री आठवून लिहू नका. सवयीने ओढलेल्या सिगारेटी तोवर आठवतच नाहीत.

आठवड्याने कागद पाहिले की ठरावीक वेळा दिसू लागतात. टपरीवरच्या चहाबरोबरची सिगारेट असेल तर काही आठवडे चहा दुसरीकडे घ्या. जेवणानंतरची असेल तर ताटावरून उठून थेट दात घासा. उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली लागत असेल, तर मात्र नुसत्या विचारांशी झुंजून भागत नाही. डॉक्टरांना विचारून निकोटीन गम घ्या, अशांना सहसा 4 मिलिग्रॅमचा लागतो. तो तिखट लागेपर्यंत हळू चावून गालात धरायचा. साध्या च्युइंगमसारखा चावत राहिलं की उचकी, मळमळ होते आणि माणूस गमच सोडून देतो.

खरं काम पुढे आहे. हात पाकिटाकडे जाण्याआधी मन परवानगी देतं: ‘एकच ओढतो’, ‘हिच्याशिवाय डोकं चालत नाही’. हे वाक्य जसंच्या तसं लिहा आणि शेजारी स्वतःला पटेल असं उत्तर लिहा. ‘मला सिगारेट नकोच’ हे उत्तर टिकत नाही, कारण ते खोटं आहे. ‘ही बेचैनी निकोटीन उतरल्याची आहे, ओढली तरी थोड्या वेळाने पुन्हा येणारच’ हे टिकतं.

‘तलफ वाढतच जाईल’ असं वाटत असेल तर तपासून पाहा. मोबाइलवर 10 मिनिटांचा टायमर लावा, दर 2 मिनिटांनी तलफेचा आकडा लिहा. आकडा चढतो आणि बहुतेक वेळा तेवढ्यात उतरूही लागतो. हे स्वतःच्या अक्षरात दिसलं की दुसऱ्या कुणाच्या समजावण्याची गरज उरत नाही.

त्यानंतर सिगारेट सोडायची तारीख ठरवा, आदल्या रात्री पाकिटं, लायटर घराबाहेर काढा. सोडल्यानंतरचा पहिला आठवडा सर्वांत अवघड. चिडचिड, झोपमोड साधारण 2 ते 4 आठवड्यांत ओसरते.

मध्येच एखादी ओढली गेली, तर ‘झालं, आता सुटणार नाही’ हा विचार त्या सिगारेटपेक्षा घातक, कारण दुसरी तोच पेटवतो. त्यालाही तसंच उत्तर लिहा, उरलेलं पाकीट पाण्यात बुडवा आणि 1800-11-2356 या राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. फोन मोफत आहे.