वर्गात ‘कशावरून?’ विचारायचा तास

माणसाबद्दल आपण किती चटकन आणि कशावरून ग्रह करून घेतो, हे मुलांना दिसावं म्हणून सहावी ते नववीच्या वर्गासाठी हा उपक्रम आहे. एका काल्पनिक माणसाबद्दल चार वाक्यं एका कार्डावर लिहून ठेवा. अशी सहा माणसं तयार करा. एका ३५ मिनिटांच्या तासिकेत दोनच घ्या.

एक वाक्य वाचायचं आणि दोन मिनिटं थांबायचं. तेवढ्यात प्रत्येकानं कोऱ्या कागदावर, नाव न घालता लिहायचं: हा माणूस कोण असेल, आणि कशावरून? लिहून होईपर्यंत कुणी बोलायचं नाही. हे फार महत्त्वाचं आहे. एक हुशार मूल आधी बोललं की बाकीचे त्याचंच उत्तर उतरवतात. चारही वाक्यं झाली की पाच-पाच जणांच्या गटात सात मिनिटं चर्चा. चर्चा ‘कशावरून’च्या रकान्यावरच ठेवा; कुणाचं उत्तर बरोबर आलं, हे मोजू नका.

एक नमुना. ‘तमिळ सफाईनं बोलतो.’ ‘वर्षातून एकदा यात्रेला गावी येतो.’ ‘गाव विट्याजवळ.’ ‘सोनं-चांदी गाळतो.’ वाई-फलटणची मुलं पहिल्या वाक्याला त्याला परका ठरवतात. खानापूर-आटपाडीकडे मात्र अनेक घरांत गलाईवाले, म्हणजे परराज्यात जाऊन सोनं-चांदी गाळणारे; तिथली मुलं दुसऱ्याच वाक्याला ओळखतील. म्हणून माणसं तालुका बघून निवडा. तिकडे हे चालेल: ‘नोव्हेंबरपासून कोपीत राहते.’ ‘पहाटे कोयता घेऊन फडात जाते.’ ‘गावाकडे स्वतःची कोरडवाहू जमीन आहे.’ ‘किती टन तोडला, किती उचल (आगाऊ घेतलेले पैसे) फिटली, याचा हिशेब स्वतः वहीत लिहिते.’ जमीन असून ऊसतोडीला का यावं लागतं, हा प्रश्न मुलांकडूनच येऊ द्या.

सहापैकी दोन माणसं मुद्दाम सरळ ठेवा. डोक्याला पागोटं, खांद्यावर घोंगडं, पुढे मेंढरं, आणि तो मेंढपाळच. प्रत्येक वेळी अंदाज चुकवलात तर मुलं शहाणी होत नाहीत, फक्त उलटं उत्तर द्यायला शिकतात. ‘गरीब, पण आता कलेक्टर’ असली माणसंही टाळा. त्यातून बाकीच्या गरिबांबद्दलचा ग्रह तसाच राहतो.

आडनाव कार्डावर लिहू नका, सगळी चर्चा जातीवर जाऊन अडकते. जातीबद्दल बोलायचं असेल तर स्वतंत्र तास घ्या. साताऱ्यात त्यासाठी ७ नोव्हेंबर हा दिवस आहेच: १९०० साली याच दिवशी बाबासाहेबांचं नाव इथल्या शाळेत घातलं गेलं. त्या मुलाला बसायला वेगळं गोणपाट होतं. ते कशावरून ठरलं, हा प्रश्न वर्गाला विचारा आणि उत्तर येईपर्यंत थांबा.

वर्गात ऊसतोड कामगाराचं मूल असेल तर ते कार्ड त्या वर्गात वापरू नका आणि ‘तू सांग रे, तुमच्यात कसं असतं?’ असं तर कधीच विचारू नका. एका पोरावर सगळ्यांच्या वतीनं बोलायचा भार पडतो.

पुढच्या आठवड्याला दहा मिनिटांचा छोटा भाग. ‘जतकडं पाणीच नसतं’, ‘शहरातली पोरं आळशीच असतात’ अशी ऐकलेली वाक्यं फळ्यावर घ्या. ‘च’, ‘सगळे’, ‘कधीच’ खोडून वाक्य पुन्हा लिहायला लावा. जतच्या काही भागात म्हैसाळ उपसा सिंचन योजनेचं पाणी पोचलं आहे, द्राक्षं आणि डाळिंबंही होतात. मग ‘जतच्या कुठल्या गावात, कुठल्या महिन्यात?’ असं मुलं आपणच विचारू लागतात. नंतरची कार्डं मुलांना करू द्या, पण वाचण्याआधी तुम्ही तपासा: गावातला कुणी ओळखू येत असेल, तर ते कार्ड बाजूला काढा.